गंजाच्या आतली कुऱ्हाड

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या कोलरीत ड्रेसर होते. सुरुंग उडाला, धूर बसला, की लोडर आत जायच्या आधी ड्रेसर जातो. त्याच्या हातात लांब सब्बल असते. पुण्याकडे तिला पहार म्हणतात. त्या सब्बलीनं तो डोक्यावरचं छत ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. घट्ट बसलेला थर खणखणीत वाजतो. आतून सुटलेला थर भद्द वाजतो. असा आवाज आला की बाजूला उभं राहून तो तुकडा आधी खाली पाडायचा, मगच बाकीच्यांना हाक मारायची. २९ वर्षं बाबांनी हेच काम केलं. उजव्या कानानं त्यांना आता कमी ऐकू येतं. तरी घराच्या भिंतीवर टिचकी मारून गिलावा कुठे सुटलाय ते अजून बरोबर सांगतात.

मी जुन्या लोखंडाचं जतन करते. उत्खननात निघालेली हत्यारं, वाड्यांच्या दारांच्या साखळ्या, कड्या, कुलपं. गेल्या उन्हाळ्यात राजूरला गेले तेव्हा बाबांची सब्बल न्हाणीघरामागे पडलेली दिसली. पावसाचं पाणी खाऊन लाल झालेली. मी ती अंगणात पोत्यावर घेतली, सुटा गंज ब्रशनं काढला आणि हिरड्याचा काढा लावायला बसले. बाबा ओसरीवरून बघत होते.

“का करून राहिली वं?”

“गंज थांबवून राहिली, बाबा.”

“जे जाणारच हाये, ते थांबवून का करतं तू?”

बाबांनी हे सहज विचारलं नव्हतं. दर वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं, आणि वाचायला बऱ्याचदा बाबाच बसतात. संस्कारित वस्तू अनित्य आहेत हे त्यांनी नुसतं तोंडपाठ केलेलं नाही, ते त्यांना पटलेलं आहे. ज्या माणसानं रोज छताखाली उभं राहून ते कधी सुटेल याचा कानोसा घेतला, त्याला अनित्यता वेगळी शिकवावी लागत नाही. प्रश्न माझ्यासाठी होता. मीही त्याच विहारात वाढले. सगळं अनित्य आहे असं मानायचं आणि पगार मात्र वस्तू टिकवण्याचा घ्यायचा, हे कसं?

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. इथे देण्याचा प्रयत्न करते.

शिकायला जाण्याआधी माझ्या हातून एक वस्तू बिघडली, तिथून सुरुवात केली पाहिजे. एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत मी काम करत होते. दिंडी दरवाज्याची साखळी, कोयंडा आणि त्याखालचा लोखंडी पत्रा गंजलेला होता. मी ग्राइंडरला तारेचं चाक लावलं आणि तो पत्रा चांदीसारखा चकचकीत केला. सगळ्यांना आवडला. पंधरा दिवसांनी पाऊस लागला आणि पत्रा पहिल्यापेक्षा जास्त, नारिंगी गंजला. पण खरी हानी ती नव्हती. वर्षभरानं कामाआधी काढलेला एक फोटो हाती आला. त्यात उन्हाची तिरीप पत्र्यावर पडली होती आणि गंजाच्या काळ्या थरात टोच्यानं टिंब टिंब देऊन काढलेली बारीक वेल दिसत होती. ज्या लोहारानं ती काढली, त्याचं त्या घरात दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. ती वेल गंजात टिकली होती, ती मी पुसली. मला ती वस्तू नवी करायची होती, आणि नव्या वस्तूत त्या लोहाराला जागा नव्हती.

लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे, १९७६ साली सुरू झालेली. तिथे पोचल्यावर पहिले काही आठवडे माझ्या हातात हत्यार दिलंच नाही. बघायचं, चित्र काढायचं, वजन करायचं, लिहायचं. घडीव लोखंड कसं ओळखायचं ते शिकवलं. त्यात मळीचे बारीक धागे असतात, म्हणून ते गंजताना लाकडासारखं रेषांनी उकलतं. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, त्याच्यावर हातोडी चालवायची नाही. आणि टिचकी मारून ऐकायचं: चीर नसलेला तुकडा वाजतो, चीर गेलेला बसक्या आवाजात बोलतो. त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि सांगितलं की इथेही ड्रेसरचंच काम आहे.

मग एक कुऱ्हाड माझ्या टेबलावर आली. विदर्भातल्या एका शिळावर्तुळातून निघालेली. आपल्या भागात ही वर्तुळं पुष्कळ आहेत. नागपूरजवळ जुनापाणी, महुर्झरी, टाकळघाट-खापा. मोठमोठ्या दगडांचं गोल रिंगण, मध्ये पुरलेला माणूस, सोबत मडकी, लोखंडी हत्यारं, कुठे कुठे घोडासुद्धा. महुर्झरीला शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास उत्खनन केलं, त्यात घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने आणि लोखंडी लगामाच्या कड्या निघाल्या. पेंचच्या खोऱ्यात नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे बुद्धाच्या जन्माआधी आपल्या मातीत माणसं लोखंड गाळत होती. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

टेबलावर आलेली वस्तू पाहून कुऱ्हाड म्हणवत नव्हतं. माती, मुरमाचे खडे आणि गंज यांचा फुगलेला गोळा. क्ष-किरण फोटो काढला तेव्हा आत पात्याची आकृती दिसली. दांडा पक्का बसावा म्हणून पात्यावर आडव्या पट्ट्या आवळलेल्या होत्या, त्याही दिसल्या. विदर्भातल्या त्या काळच्या कुऱ्हाडींची ही ओळखच आहे. पण फोटोत जिथे पांढरं दिसायला हवं होतं तिथे बहुतेक करडंच होतं. धातू जवळजवळ उरलाच नव्हता. कुऱ्हाडीच्या आकाराचा गंज होता, त्याच्याभोवती आणखी गंज.

आमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मी इथे शिकले. लोखंड जमिनीत गंजतं तेव्हा गंज आतही वाढतो आणि बाहेरही वाढतो. बाहेर वाढताना तो मातीचे कण पोटात घेतो. या दोन थरांच्या मध्ये एक सीमा राहते. लोहारानं शेवटचा घाव घालून कुऱ्हाड खाली ठेवली तेव्हा तिचा पृष्ठभाग जिथे होता, तीच ही सीमा. ती धातूत नसते. गंजातच असते, काळसर, घट्ट थरात. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या सुरीनं बाहेरचा मातकट थर कणाकणानं काढत त्या काळ्या थरापाशी थांबायचं असतं. एक केसभर पुढे गेलात तर चकाकी दिसेल, पण कुऱ्हाड गेलेली असेल.

त्या थरावर एका बाजूला मला विणीचे धागे दिसले. उभे, आडवे, स्वच्छ. पुरताना कुऱ्हाड कापडात गुंडाळली असावी. कापड कुजायच्या आधी गंजाचे क्षार त्याच्यात शिरले आणि कापसाचा की कशाचा तो धागा खनिजाचा होऊन बसला. आपल्या मातीत एवढ्या जुन्या काळचं कापड सहसा टिकत नाही. इथे गंजानं ते टिकवलं होतं. मी सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ नुसती बघत राहिले.

धम्मपदाच्या मलवग्गात गंजाची उपमा आहे: लोखंडातून उठलेला गंज लोखंडालाच खातो. माणसाची स्वतःची कर्मंच त्याला दुर्गतीला नेतात हे सांगण्यासाठी ती वापरली आहे. लहानपणापासून ऐकलेली. ती उपमा खोटी नाही. पण टेबलावर जे होतं ते तिच्यापुढचं होतं. खाणारा गंज आणि सांभाळणारा गंज एकच होता. मग माझ्यापुढची ती कुऱ्हाड नेमकी काय होती? लोखंड म्हणावं तर लोखंड नाही. गंज म्हणावं तर गंज सगळीकडे आहे, कुऱ्हाड मात्र एकच आहे. मिलिंदपञ्हात नागसेन भंते राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल हेच विचारतात: कणा म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की हे सगळं एका विशिष्ट रीतीनं जुळलं की त्याला रथ हे नाव पडतं. विहारात हा प्रसंग ऐकताना मला वाटायचं की यात काहीतरी हिरावून घेतलं जातंय, रथ नाहीच असं सांगितलं जातंय. कुऱ्हाडीनं माझी समजूत बदलली. द्रव्य जवळजवळ सगळं बदलून गेलं तरी जुळणी राहिली होती, म्हणून ती कुऱ्हाड होती. धातू जवळजवळ संपलेला असताना लोहाराच्या हातचा आकार तिथे होता. नागसेनांनी रथ नाकारला नव्हता. तो कुठे शोधायचा नाही, एवढं त्यांनी सांगितलं होतं.

आता कारणांकडे येते, कारण माझ्या मते बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

लोखंड आपोआप गंजत नाही. पाणी लागतं, हवेतला प्राणवायू लागतो, आणि मीठ असेल तर काम फार वेगानं होतं. जमिनीतले क्लोराइड क्षार गंजाच्या खाली, धातूला चिकटून बसतात. वस्तू जमिनीत असते तोवर बाहेरची हवा कमी मिळते, सगळं सावकाश चालतं. आपण खणून वर काढतो, मोकळी हवा लागते, आणि ते क्षार जागे होतात. पृष्ठभागावर पिवळे-तांबडे थेंब येतात. घाम फुटला असं आम्ही म्हणतो. मग पापुद्रे सुटतात. अडीच हजार वर्षं जमिनीत राहिलेली वस्तू कपाटात दहा वर्षांत तुकडे होऊन पडते. तिच्या नाशाचं मोठं कारण आपली कुदळ असते. म्हणून जतनाची जबाबदारी मला ऐच्छिक वाटत नाही. आपण तिला बाहेर काढलं, आता पाठ फिरवून अनित्यतेचं नाव सांगता येणार नाही.

उपाय काय करतो? वस्तू अल्कलीच्या पाण्यात ठेवतो. क्षार हळूहळू पाण्यात उतरतात, पाणी तपासून बदलायचं, पुन्हा ठेवायचं. महिने जातात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आठवल्या. आमचं गाव कोळशाचं आणि चुन्याचं. एका बाजूनं काळी धूळ, दुसऱ्या बाजूनं पांढरी. भट्टीवर चुना विझवायचा हौद असे. एकदा त्याच्या तळाशी एक फुटकं घमेलं निघालं होतं, किती दिवसांचं कुणास ठाऊक, करडं आणि धड. हौदाबाहेर पडलेली घमेली मात्र लाल होऊन चाळणी झाली होती. भट्टीवरच्या बायांना हे माहीत होतं. त्या म्हणायच्या, चुना लोखंडाले खात नाही, हातालेच खाते. चुन्याच्या निवळीत लोखंडावर एक डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतो आणि गंज थांबतो. सिमेंटच्या स्लॅबमधली सळई याच कारणानं टिकते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरत शिरत चुन्याचा तो अल्कलीपणा मरतो, आणि मग सळईही गंजायला लागते.

म्हणजे मी काय करते? मी लोखंडाला नित्य करत नाही. ते कुणाच्याच हातात नाही. गंज ज्या कारणांनी उत्पन्न होतो त्यातलं एखादं कारण मी काही काळ दूर ठेवते. क्षार काढते, पाणी तोडते, हवा कोरडी ठेवते. हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही: प्रतीत्यसमुत्पाद विहारात ऐकला होता, तो पाळण्याची जागा मला प्रयोगशाळेत मिळाली. अनित्यता म्हणजे सगळं जाणारच, तर बसून राहा, असा अर्थ बुद्धानं सांगितला असता तर दुःखाचं कारण शोधण्याची त्याला गरजच नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात अनित्यतेला निराशेचं नाव दिलेलं नाही. वस्तू बदलतात म्हणूनच पुढचं काही घडणं शक्य होतं, असं त्यांनी दाखवलं. आमच्या घरात हे वाक्य पुस्तकातलं राहत नाही. माझी आजी चुन्याच्या भट्टीवर दगड फोडत होती. तिची स्थिती नित्य असती तर मीही आज तिथेच असते.

दिल्लीचा लोहस्तंभ गंजत नाही असं सगळे सांगतात. सुमारे १६०० वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांच्या आसपास वजनाचा. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी आयुष्य घालून त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्याच्यावर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज अडवतो. पण त्याच स्तंभाचा जमिनीखालचा भाग गंजलेला आहे. लोखंड तेच, परिस्थिती वेगळी. आणि वरच्या भागात लोक पाठ टेकून हात मागे जुळवायला लागले, तेव्हा तो थर घासला जाऊ लागला आणि १९९७ साली भोवती कुंपण घालावं लागलं. चमत्कार म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांनीच त्याला झिजवलं.

अनित्यता सांगणाऱ्या धम्मानं जतन केलंच नाही असंही नाही. अशोकानं लेख शिळांवर आणि स्तंभांवर कोरले ते दीर्घकाळ टिकावेत म्हणून, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी सांचीच्या स्तूपातून काढून इंग्लंडला नेल्या गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि १९५२ साली सांचीला पुन्हा ठेवल्या गेल्या. ज्यांनी त्या आणल्या त्यांना अनित्यता कळत नव्हती असं मी म्हणणार नाही.

हे सगळं मी बाबांना एका दमात सांगितलं नाही. अंगणात मी एवढंच विचारलं, “बाबा, तुम्ही मला चिचोलीला नेलं होतं. शांतीवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर आहे. तो गंजू द्यायचा का?”

बाबा गप्प झाले. मी आठ-नऊ वर्षांची असताना ते मला नागपूरजवळच्या त्या संग्रहालयात घेऊन गेले होते, आणि त्या टाइपरायटरपुढे चपला हातात धरून उभे राहिले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “तो आपला एकट्याचा नोहे. तो सगळ्यायचा हाये. उद्याच्या पोरायले दिसला पायजे.”

“आणि सब्बल?”

“सब्बल काम करते तवर सब्बल. मंग लोखंड.”

हा नागसेनांना शोभेल असा जबाब होता, पण मला तो पूर्ण मान्य नाही. त्या कुऱ्हाडीनं अडीच हजार वर्षांत एकही लाकूड तोडलं नाही, तरी ती कुऱ्हाड आहे. बाबांना ते सांगितलं तर म्हणाले, “कारण तुले त्याच्यात मानूस दिसते.” मी काही बोलले नाही. हिरड्याचा काढा सुकत आला होता. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा थर धरतं, जुन्या काळी शाईही अशीच होत असे. लाल सब्बल डोळ्यांदेखत काळी होत गेली. मी तिची लांबी मोजली.

ही सब्बल बाबांनी भंगारातून घेतलेल्या, कोळसा वाहायच्या टबाच्या एक्सलपासून वणीच्या खात्याकडून, म्हणजे लोहाराकडून, ताणून घेतली होती. म्हणजे आधी तीही गाडीचा कणाच. तेव्हा ती सहा फुटांची होती. टोक बोथट झालं की खाती ते भट्टीत घालून पुन्हा काढून द्यायचा, आणि दर वेळी थोडी कमी व्हायची. आता ती चार फूट सात इंच आहे. उरलेले सतरा इंच खाणीच्या छतात आणि खात्याच्या ऐरणीखाली गेले. मी तिची टोकं घासली नाहीत. मुठीच्या जागी हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला पट्टा आहे, तिथे काढाही लावला नाही, फक्त मेण लावलं. मेण काढता येतं. माझ्यानंतर कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते पुसता यावं, हा आमच्या विद्येचा नियम आहे, आणि मला तो शीलासारखा वाटतो.

बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याच सब्बलीनं विहाराच्या आवारात कडुनिंबासाठी खड्डा केला. मेण निघालं. मी पुन्हा लावलं.

माझं गावाकडे लक्ष आहे, म्हणून शेवटी मागणं आहे ते गावातल्या लोकांकडे. आपल्या जिल्ह्यातली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला आगगाडी १९९४पर्यंत वाफेवर धावली, तिचे रूळ आज गवतात आहेत. त्याबद्दल निदान लोक बोलतात तरी. राजूरच्या कोळशाच्या आणि चुन्याच्या लोखंडाबद्दल कुणी बोलत नाही. टबाची चाकं, सुरुंगाच्या सळया, ड्रेसरच्या सब्बली, भट्टीवरचे आकडे, दगड फोडायचे घण आपल्या घराघरात पडलेले आहेत आणि दर महिन्याला किलोच्या भावानं जात आहेत. सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. जे ठेवाल त्याला पॉलिश पेपर लावू नका, रंग देऊ नका. ओल नसलेल्या जागी, जमिनीपासून वर, लाकडाच्या फळीवर ठेवा. आणि भंगारवाल्याची गाडी दाराशी यायच्या आधी एका कागदावर लिहा, की ही वस्तू कुणाच्या हातात होती आणि तो माणूस तिनं काय काम करत होता.